पेक्षा

धोपाव्याच्या जेटीवर साडेनऊची फेरीबोट,
माझ्या पिशवीत नववी ‘ब’च्या सदतीस वह्या.
पाठ: तुलना.

पहिल्याच वहीत निवास पालशेतकर लिहितो,
द बांगडा ऑफ दाभोळ इज बिगर दॅन गुहागर.
मी हसते. शेजारचा मोटारसायकलवाला बघतो.
काय करू, आलाच तो मासा डोळ्यांपुढे,
शेपटी वेळणेश्वरला, तोंड अंजनवेलला,
पोटाखाली अख्खं गाव, एसटी स्टँडसकट.
लाल पेनाने लिहिते:
बांगड्याची तुलना बांगड्याशी कर, बाळा.
गावाशी नको.

फळ्यावर दरवर्षी हेच सांगते मी:
दॅन म्हणजे आपली फेरीबोट.
या काठावर जे चढलं
तेच त्या काठावर उतरलं पाहिजे.
इकडून रिक्षा चढली आणि तिकडे बकरी उतरली
असं चालत नाही.
इकडे नाम तर तिकडे नाम,
इकडे स्विमिंग तर तिकडे रनिंग.
आणि काळ? कुणी विचारत नाही,
मीच सांगून टाकते, काळही शक्यतो तोच.
शक्यतो.
हा शब्द फळ्यावर कधी लिहिला नाही.

मराठीत एवढी कटकट नसते.
पेक्षा येतो मागून, नामाला चिकटतो
होडीच्या बुडाला कालवं धरतात तसा,
आणि क्रियापद गिळून गप्प बसतो.
भावापेक्षा उंच.
भाऊ आहे की होता,
पेक्षा विचारत नाही.

पाचवी वही झुलेखा होडेकरची.
माय फादर स्लीप्स मोर दॅन ही वर्क्ड.
मी ‘वर्क्ड’भोवती गोल केला, वर लिहिलं वर्क्स,
एक मार्क कापला.
तेवढ्यात बोट दाभोळला टेकली.

मधल्या सुट्टीत ती आली, वही उघडीच धरून.
‘बाई, आता काम नाय करत ते.’
माझा चेहरा पडला असणार,
कारण तिने घाईने सांगितलं,
‘तसं नाय बाई, आहेत. बोट विकली ना श्रावणात.
तांडेल होते. रात्री दोनला उठून जायचे,
आले की जाळी, मग डिझेल, मग बर्फ.
आता पंख्याखाली झोपतात.
मी तास मोजले. झोपेचे पंधरा.
कामाचे चौदा व्हायचे.’

मी वाक्य पुन्हा वाचलं.
काही चुकलेलं नव्हतं.
या काठावर बाप, त्या काठावर तोच बाप,
मधली बोट विकलेली.

‘वर्क्ड’ मात्र तोकडं पडतं, मी म्हटलं.
तू मराठीत काय म्हणशील?
‘राबायचे.’
हं. त्या ‘यचे’त रोजची रात्र आहे,
एकदाच केलेलं काम नाही ते.
इंग्रजीत त्याला यूज्ड टू म्हणतात.
तिने लिहून घेतलं. टोपण लावलं पेनाला.
मग विचारलं,
‘स्लीप्सचं पण यूज्ड टू होईल ना, बाई, कधीतरी?’

व्याकरणात होतं, मी म्हटलं.

मार्क परत दिला.
लाल शाई खोडता येत नाही म्हणून
गोल तसाच ठेवून शेजारी बरोबरची खूण केली.
परीक्षक बघतील तर विचारतील,
नेमकं काय म्हणायचंय बाईंना.

संध्याकाळी सुकती लागलेली.
पाणी खाली गेलेलं, उताराच्या फरशीवर शेवाळ,
चपला हातात घेऊन चढले.
तिकीटवाला सलाउद्दीन म्हणाला,
‘बाई, कालच्यापेक्षा उशीर?’
काल आले होते, आज येते आहे,
सगळं त्या एका शब्दात मावलं
आणि त्याने दोन रुपये सुटे मागितले.
‘हो,’ म्हटलं. ‘कालच्यापेक्षा.’

कठड्याला टेकून सहावी वही काढली.
द सी इज ओल्डर दॅन
एवढंच.
पुढे कोरं.
बहुधा घंटा झाली असावी.