एक ते दहा

दांडिया बाजारात अकरा वर्षं ब्लाउज शिवले,
म्हणून पहिल्या दिवशी सुई धरताना
माझा हात थरथरला नाही.
सोलंकी सिस्टर म्हणाल्या, सरस. पण शिर्केबेन,
कापड ओरडत नाही.

पहिला आठवडा मोसंबीला टोचलं.
नव्वद अंशांत, एका दमात, आत पाणी.
उरलेल्या मोसंब्या घरी नेल्या.
पोरगा म्हणाला, आई, हिचा रस पांचट कसा गं?

वर्गात सगळ्या एकोणीस-विशीच्या.
हेतल, रुखसार, कवांटची जशोदा राठवा.
मला मासी म्हणतात.
चादरीचा कोपरा दुमडायची वेळ आली की
माझ्या पलंगाभोवती जमतात.
तिथं मात्र मी चुणी घातल्यासारखी
एका बोटात घडी बसवते.
बाकी सगळं त्यांच्या मागून.
गुजरातीत पाठ केलेली हाडं
मी परतीच्या बसमध्ये मराठीत मोजते,
आपल्याच मनगटावर, पदराखाली.
आठ आहेत. कधी सात भरतात.

सेकंदकाट्याचं घड्याळ पाहिजे, असा नियम.
मंगळ बाजारात एकशे ऐंशीला मिळालं.
त्यानंतर दोन आठवडे माझ्या वॉर्डात
ज्याची त्याची नाडी जरा घाईत.
मी तसं लिहीत गेले.
शेवटी सिस्टरनी त्यांचं मनगट माझ्या मनगटाला लावलं:
माझा काटा दमत दमत येत होता.
पेशंट बरा आहे, त्या म्हणाल्या, तुझं मिनिट लांब आहे.

पोरी हसल्या. मीही हसले.
पण त्या लांब मिनिटात
कुणी हात सोडवून घेतला नव्हता.

केसपेपरवर एक चौकोन असतो.
दुखणं: एक ते दहा.
आमच्याकडे दुखण्याला आकडे नव्हते.
ठणका होता. उसण होती, वाकलं की भरायची.
कळ यायची हप्तेवाल्यासारखी, नेमकी जेवायच्या वेळी.
तळपायाची आग, ओल्या जखमेची चुरचुर,
आणि नुसतंच 'कसंतरी होतंय',
ज्यावर आई न विचारता ओवा द्यायची.

चौदा नंबरला रमणभाई पंचाल.
मकरपुऱ्यात लेथवर होते. उजव्या हाताचं एक बोट गेलं.
मी विचारलं, काका, केटलुं दुखे छे? एकथी दस?
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
जे आंगळी नथी, ए दुखे छे, बेन.
एनो नंबर शुं?

पेन उचललं. खाली ठेवलं.

मापाच्या वहीत मी आकडेच लिहीत आले होते:
छाती छत्तीस, मुंढा सोळा.
पण कडेला, पेन्सिलीनं, बारीक:
डावा खांदा उतरता. कमरेत सैल हवं, का ते विचारू नये.
ब्लाउज बसायचा तो त्या कडेमुळे.

म्हणून चौकोनात सात लिहिले,
आणि कडेला: नसलेल्या बोटात ठणका. रात्री जास्त.
गडबडीत मराठीत लिहिलं गेलं.

सिस्टर रागावल्या. चौकोनाबाहेर लिहायचं नाही.
आणि तुमची मराठी इथं वाचणार कोण?
राउंड आला, गेला.
डॉक्टरांनी सात वाचले. गोळी तीच ठेवली.

संध्याकाळी ड्युटी संपता संपता
सिस्टर तो कागद घेऊन माझ्याजवळ आल्या,
तिसऱ्या शब्दावर नख ठेवून.
ठणको एटले?

मी हाताची मूठ केली, उघडली, केली, उघडली.
आतून कुणी दार वाजवावं तसं, मी म्हटलं,
आणि दार मात्र नाही.

सबाका? त्यांनी विचारलं.

जवळपास, मी म्हणाले,
आणि पंधरा नंबरचं मनगट हातात घेतलं.