सोळापैकी सोळा

बोट नको, पेन धरा, असं मी प्रत्येकाला सांगते.
ओबाता तोमेकिची, वय चौऱ्याऐंशी,
तरी बोटच टेकवतात. स्क्रीन ढिम्म.
साठ वर्षं नाशपातीच्या कोवळ्या फळांना
एकेक करून कागदी पिशव्या बांधलेलं बोट;
त्याच्यावर ठसा म्हणावा असं काही उरलेलंच नाही.

तोत्तोरीच्या या ड्रायव्हिंग शाळेत
पंचाहत्तरी ओलांडलेले येतात, लायसन्स चालू ठेवायला.
आठ टॅब्लेट, आठ हेडफोन, मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे.
कानात एक बाई बोलते. तिला कधी खोकला येत नाही.
आधी चित्रं दाखवते, चार चार, एकूण सोळा:
ढोल, बेडूक, कात्री, गाजर…
मग मुद्दाम आकड्यांत गुंतवते,
तीन खोडा, सात खोडा,
आणि हात चांगला गुंतला की विचारते,
मघाशी काय काय पाहिलंत?

मधल्या रांगेतल्या बाई छताकडे बघतायत.
खिडकीजवळचे निवृत्त मास्तर नुसते ओठ हलवतायत.
ओबाता मात्र लिहीत सुटलेत,
एका फळावरून दुसऱ्यावर, न बघता, हात जावा तसे.
तोफ. कान. सिंह. बांबूचा कोंब.
तवा. रेडिओ.
पेन एकदाही अडलं नाही.
सोळा ओळी भरल्या, हेडफोन काढला,
आणि पाढे म्हणून दाखवलेल्या पोरासारखी
मान ताठ करून बसले.

माझ्या पडद्यावर शून्य.

मला कळायला वेळ लागला.
या परीक्षेचे तक्ते चार.
पुस्तकांच्या दुकानात सरावाची वही मिळते,
त्यातला हा पहिला तक्ता. आज लागला होता तिसरा.
कुणीतरी घोकून घेतलं असणार घरी,
भांडी विसळता विसळता:
सिंहानंतर काय? कोंब. आणि कोंबानंतर?
महिनाभर. दोन महिने. तोंडपाठ होईपर्यंत.

यंत्र एवढंच म्हणतं की
नुकतं पाहिलेलं दहा मिनिटांत गेलं; पुढे डॉक्टर.
ते खोटं बोलत नाही.
माझं म्हणणं लिहायला त्या फॉर्मवर रकाना नाही,
आणि असता तरी काय लिहिलं असतं, देव जाणे.

टोपी विसरले होते, ती द्यायला खाली गेले.
छोटा पांढरा ट्रक. बाजूच्या सीटवर फुसाए आजी,
बाहीखालून डोकावणारी डायलिसिसची पट्टी.
मंगळवार, गुरुवार, शनिवार,
डोंगरापलीकडे चाळीस मिनिटं.
बस गेल्या मार्चपासून बंद.
काच खाली करून त्यांनी मला विचारलं, नवऱ्याला नाही:
"सगळी आली?"

निकाल टपालानं जातो. तोंडी सांगायचा नसतो.
आज बुधवार होता.
"सोळा लिहिली," म्हटलं, "एकही जागा रिकामी नाही."

आजींनी मांडीवरची वही पिशवीत सरकवली,
वरून रुमाल घातला.
ओबातांनी टोपी चढवली, आरसा नीट केला,
उजवा इंडिकेटर दिला
आणि फाटकाशी थांबले.
रस्ता दोन्हीकडे रिकामा होता.
इंडिकेटर बराच वेळ लुकलुकत राहिला.