अम्मा बंद्लु

मंगळवारी रात्री नऊ वाजता वनजा घरी येते.
हुबळीकडच्या कुठल्याशा नव्या कॉलनीत घर,
दार ढकललं की उघडतं, किल्ली कधी शोधावी लागत नाही.
पर्स भिरकावते सोफ्यावर,
तिच्यात डब्यातली आमटी सांडलेली नसते.
पोरं ओरडतात, अम्मा बंद्लु!
आणि टीव्हीतून हशा येतो,
शंभरेक माणसं असावीत,
सगळी जेवून आलेली.

मी उद्यमबागेत, फाउंड्रीच्या ऑफिसात पगारपत्रकं करते.
बिडाचा काळा चुरा कानामागंसुद्धा जातो.
रजेचा अर्ज कानडीत, सही इंग्रजीत,
खरं कारण मराठीत, ते कुठंच लिहीत नाही.
सव्वासहाची बस, सीबीटीवर उतरून दुसरी,
गणेशपूर संपलं की बेनकनहळ्ळीच्या अलीकडं
आमचा प्लॉट. कर्जाची अजून नऊ वर्षं.

वनजाच्या घराला चौथी भिंत नाही,
म्हणून तर आम्हाला दिसते ती.
आमची चौथी भिंत अंगडींच्या न्हाणीला लागून,
तिच्यावर कॅलेंडर लावलंय ओल झाकायला,
सप्टेंबरातच डिसेंबरपर्यंत फुगलेलं.

मामंजी अकरा दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात होते,
सीमाभागासाठी, लग्नाच्या आधी.
अजून बसच्या पाटीकडं बघत नाहीत,
रंग बघून चढतात, दोनदा चुकून
बैलहोंगलच्या वाटेला लागले होते.
लाईटचं बिल तेजल वाचून दाखवते,
ते पैसे मोजून देतात, शब्द ऐकत नाहीत.
पण मंगळवारी पावणेनऊला खुर्ची सरकवलेली असते.
‘मी कुठं बघूलालोय? पोरं बघूलाल्यात.’
टीव्हीतली माणसं हसली
की त्यांच्यामागून, जरा उशिरा,
मिशीतल्या मिशीत हसतात.

एकदा टीव्हीच्या आधी हसले.
तेजल म्हणाली, आजोबा, तुम्हाला कळलं!
‘काय कळलं? ठसका लागला. पाणी आण.’

वनजाची भाजी करपते, हशा.
नवरा पोराला दोन पायांत दोन बूट घालतो, हशा.
मी साईराजला सुट्टीच्या दिवशी
डबा देऊन शाळेत पाठवलं होतं,
वॉचमन सायकलवरनं परत घेऊन आला.
कुणी हसलं नाही. भरमा तर
दोन दिवस बोलला नाही,
मग तिसऱ्या दिवशी म्हणाला, होतंय असं.
वनजाचा नवरा हे वाक्य
तिसऱ्या मिनिटाला म्हणतो.

महिन्याची अखेर होती, मंगळवार होता.
एका मोल्डरच्या ओव्हरटाइमचे चार तास
कुठंच जुळत नव्हते. बस गेली. पुढची गेली.
शेवटी शेअर रिक्षात मिरचीच्या पोत्यावर बसून आले.
दार उघडं होतं.
टीव्हीत वनजा आत आली,
आणि उंबऱ्यातून मी.

मामंजींनी मान वळवली नाही.
टीव्हीकडंच बघत, खणखणीत,
शाळेत घोकलेल्या पाढ्यासारखं म्हणाले,
अम्मा बंद्लु.

तेजलच्या हातातलं पेन पडलं.
साईराज पहिल्यांदा हसला, मग भरमा,
खांद्यावर टॉवेल, पोट धरून,
मग भिंतीपलीकडं न्हाणीतून अंगडीकाकूसुद्धा,
आणि टीव्हीतली शंभर माणसंही त्याच क्षणाला,
कुणाचा हशा कुठला, मला कळेना.
मामंजी एकटे ओठ मिटून,
आता ठसक्याचंही निमित्त नव्हतं.

मी पायपुसण्यावर उभी, एक चप्पल पायात,
एक हातात. बघणारी माणसं
कुठल्या बाजूला बसल्येत ते शोधत होते.
गळ्यापर्यंत काहीतरी आलं होतं,
वनजाला अशा वेळी वाक्य दिलेलं असतं.

मी विचारलं, ‘कुकर कुणी लावलाय काय?’

घर गप्प झालं.
टीव्ही हसत राहिला.