गुणवहीतली खाडाखोड

मी फक्त लिहितो.
भुसावळच्या मैदानावर, पत्र्याच्या सावलीत,
शिसपेन, रबर, आणि पान उडू नये म्हणून
रुळांवरून उचललेली एक खडी.

डाळमिलवाल्या शेठनं बेसबॉलचा संघ काढला,
पिवळे शर्ट शिवले, पायऱ्या रंगवल्या,
पगार दर महिन्याच्या सात तारखेला.
संघाचं नाव बिबटे.
डिसेंबरात पाच हरलो. लोक म्हणाले, चालायचंच, नवी पोरं.
संक्रांतीपर्यंत अकरा.
मग फाटकाबाहेरचा भरीतवाला विचारू लागला,
"आज कितीनं?"

हरण्याचे प्रकार असतात, हे मला वहीनं शिकवलं.
शेवटच्या डावात एका धावेनं हरलं
की रात्री घास उतरत नाही.
पहिल्याच डावात नऊ खाल्ल्या
की उलट भूक लागते.
एकदा तर चेंडू उंच गेला,
तिघं धावले, तिघंही थांबले,
तू घे, तू घे म्हणत,
अन् तो मधोमध काळ्या मातीत पडून राहिला
ज्याला कुणी बस म्हटलं नाही अशा पाहुण्यासारखा.

लीलाधर फेगडे मॅनेजर.
रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त, पायात अजून तेच बूट.
ओरडायचे नाहीत.
हरल्यावर बॅटी मोजून स्वतः पोत्यात भरायचे.
जामसिंग पावऱ्याला त्यांनीच आणलं सातपुड्यातून,
ज्वारीच्या मळ्यावर गोफण फिरवताना पाहून.
"हात कसा फिरतो ते त्याला सांगू नका," म्हणायचे,
"सांगितलं की त्याला हात आठवेल."

तेवीस सामने, एकोणीस हार.
मंगळवारी सकाळी शेठची गाडी थेट दुसऱ्या बेसपर्यंत आली,
चुन्याच्या रेघेवर टायरचे ठसे.
सात मिनिटं लागली. सवयीनं मी घड्याळ पाहिलं.
फेगडेंनी शिट्टी दिली, किल्ल्या दिल्या,
बॅटींचा हिशेब सांगितला: सोळा धड, दोन तडकलेल्या.
मग माझ्याकडे वळले.
"भो, अठराव्या सामन्यातली ती चूक
तिसऱ्या बेसवाल्याच्या नावावर नको.
मीच त्याला भलत्या जागी उभा केला होता."
मॅनेजरच्या चुकीला वहीत रकाना नाही.
मी मान हलवली. लिहिलं काहीच नाही.

संध्याकाळी नवं नाव घालायचं होतं.
जुनं खोडता खोडता कागद पातळ झाला,
मागच्या पानावरचा पराभव दिसायला लागला.

पराग सरंजामे, नागपूरचे. वय चौतीस. लॅपटॉप.
सराव पहाटे साडेपाचला,
कारण दहानंतर बॅट हातात धरवत नव्हती.
माणूस वाईट नव्हता.
जामसिंगच्या कोपराचे फोटो काढले,
त्यावर रेघा मारल्या, कोपर सरळ केलं.
चेंडू नीट जायला लागला,
इतका नीट, की समोरच्याला दिसायला लागला.

पहिले दोन जिंकलो. पेढे वाटले.
मग ओळीनं सात हरलो. पेढ्यांचा खोका डगआउटमध्येच,
मुंग्यांसकट.

शेवटच्या सामन्याला फेगडे आले.
तीस रुपयांचं तिकीट काढून,
डोक्याला ओला रुमाल, सगळ्यात वरची पायरी.
कुणी वळून पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आठवा डाव. अकरा धावांनी मागे.
जामसिंगनं टोपी काढून मागे टाकली
अन् हात सोडला, मळ्यावर सोडायचा तसा.
एक बाद.
दुसरा.
तिसऱ्यानं बॅट फिरवलीच नाही, नुसता बघत राहिला.

सरंजामे माझ्या टेबलापाशी आले,
"हे कुणी शिकवलं याला?"
पाखरांनी, म्हटलं.
ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले,
पुढचा डाव तिथूनच पाहिला.

तेहतीस सामने, सहा जीत.
पुढच्या वर्षाचं शेठ काही बोलत नाहीत.
तरी परवा बाजारात नवी वही घेतली, दोनशे पानी.
दुकानदार म्हणाला, रबर देऊ का सोबत?
म्हटलं, दोन दे.