थोडं खाली

फेब्रुवारीत ताम्पेरेची हवा इतकी कोरडी होते
की कागदाला कागद सोडवत नाही.
पारा उणे अठ्ठावीस. छापखान्यात शेगडी लालबुंद,
आणि सिलिंडरवरून घासत आलेला प्रत्येक ताव
आधीच्या तावाला जाऊन बिलगतो,
नाहीतर माझ्या एप्रनला, मनगटाला, एकदा तर तोंडालाच.
हातावरची लव उभी राहते.
लोखंडाला बोट लावलं की चट्!
मांजरीनं खेळताना दात लावावा तसं.

बियाण्यांचा कॅटलॉग छापत होतो आम्ही:
वाटाणा, बीट, सलगम, राय.
बाहेर कमरेइतकं बर्फ.

लेह्तोवारा फोरमननं तांब्याची नळी आणली,
तिला बारीक भोकं पाडली, गॅसला जोडली.
निळ्या ज्योतींची एक ओळ, वाफ्यात दाणे टोकावेत तशी,
तावांच्या वाटेवर, वीतभर खाली.
कागदाखाली जाळ!
बाइंडर ऑनी तर टोपी घालून अंगणात जाऊन उभा राहिला.
पण ताव वरून गेले, पेटले नाहीत,
पेटायला थांबावं लागतं,
आणि पलीकडे पडले ते सुटे सुटे,
एकमेकांशी काही देणंघेणं नसल्यासारखे.

मला विचारू नका, फोरमन म्हणाला.
तुर्कूला शिकून आलेला पोरगा आहे ना, आह्ती,
तो सांगत होता की ज्योतीत हवाच फुटते,
तिच्यात अधिकही असतं, उणंही असतं, मोकळं हिंडत,
ज्याला जे कमी ते तो ओढून घेतो.
बाकी शून्य.
ज्योत शिवत नाही कशाला.
जवळ असते, इतकंच.

एकदा यंत्र अडलं आणि तोटी फिरवायला मी विसरले.
सलगमच्या पानावर तपकिरी गोल उमटला,
मधोमध भोक.
फोरमननं ते पान खिळ्यानं भिंतीला ठोकलं
आणि मला काहीच बोलला नाही. त्यापेक्षा बोलता तर बरं.

समोर, घडीच्या मेजापलीकडे, इंपी.
सहा वर्षं समोरच.
अठरा सालच्या वसंतात तिचा भाऊ एका बाजूला होता, माझा दुसऱ्या.
तिचा परतला, एका पायानं.
माझा छावणीतून आला नाही.
मग पावाच्या रांगेत, भर चौकात,
आम्ही एकमेकींना जे अधिकउणं बोललो
ते अजून अंगावर आहे, लोकरीत बसावं तसं.
तेव्हापासून सुतळी हवी असली
तरी ती फोरमनला सांगते, फोरमन मला.

गुरुवारी रात्री गॅसची नळी गोठली.
सकाळच्या गाडीला सात गठ्ठे जायचे होते.
फोरमननं कपाटातून नाताळच्या उरलेल्या मेणबत्त्या काढल्या,
दोन माझ्या हातात, दोन इंपीच्या,
यंत्राचा वेग निम्म्यावर आणला
आणि म्हणाला, धरा.

पहिल्या तावाला काजळी लागली.
दुसऱ्यालाही.
माझा हात थरथरत होता, मेण बोटांवर गळत होतं,
मधून कागद जात होता आणि कागदापलीकडे
तिचा चेहरा, खालून उजळलेला,
माझ्या वयाचाच.
तिचे ओठ हलले. यंत्राच्या खडखडाटात
मला आधी वाटलं, मोजतेय.

"थोडं खाली."

मी खाली घेतल्या.
तिसरा ताव सुटा पडला. चौथा. मग मोजले नाहीत.

शुक्रवारी गॅस आला. आम्ही पुन्हा आपापल्या बाजूला.
सुतळी फोरमनकडूनच आली.
संध्याकाळी कोट चढवून मी दाराशी गेले,
लोखंडी कडीला हात घालणार
तेवढ्यात मागून, मफलर गुंडाळता गुंडाळता,
कुणाकडेही न बघता ती म्हणाली,
"जपून. चावते ती."