येते, येत नाही

भुवया उचला. गाल फुगवा. दात दाखवा.
आता शीळ घाला.
फॉर्मवर चौथी ओळ हीच असते,
पुढे दोन रकाने: येते, येत नाही.

विल्फ ब्लँचर्ड, वय एक्क्याऐंशी,
डावा गाल ओघळलेला,
ग्रिम्सबीच्या बोटींवर सदतीस वर्षं जाळी ओढलेला माणूस
पहिल्या तिन्ही गोष्टी मुकाट करतो
आणि चौथीला मान हलवतो.
येत नाही?
घालत नाही, म्हणतो,
अर्ध्या तोंडाने, त्यामुळे शब्द ओले.
बोटीवर शीळ म्हणजे वाऱ्याला आवतण.

ही बोट नाही, मी म्हणते, हा दुसरा मजला आहे.
तो खिडकीकडे पाहतो.
काचेपलीकडे गाड्या, गाड्यांपलीकडे छपरं,
आणि छपरांच्याही पलीकडे ती करडी पट्टी.

मी त्याला सांगत नाही
की मलाही येत नाही.
मिरजेत आत्या म्हणायची, तिन्हीसांजेला शीळ घातली की साप येतो.
आणि पोरीच्या जातीने घातली तर
कोण येतं, ते ती सांगायची नाही.
आमच्याकडे घालतात ती शीळ, मारतात ती शिट्टी,
आणि होतात त्या कुकरच्या, तीन झाल्या की गॅस बंद.
त्या शेवटच्याच तेवढ्या माझ्या वाट्याला.
इथे त्यांनाही खालची बाई छताला झाडू ठोकते.

नऊ वर्षं मी पेशंटना नुसता ओठांचा चंबू करून दाखवते.
हवा सोडत नाही.

तिसऱ्या मंगळवारी तो आपणहून बोलला.
धाकटा भाऊ, लेन. बोट सुटलेली,
धक्क्यावरून हाक पोचेना,
म्हणून याने दोन बोटं तोंडात घालून...
पुढचं वाक्य त्याच्या डाव्या गालात अडकून राहिलं.
बोटीवर किती जण होते, मी विचारलं नाही.

मग म्हणाला, तू घाल आधी.

जिभेचा शेंडा खालच्या दातांना. मी फुस्स.
त्याने केला. उजवीकडून फुस्स, डावीकडून लाळ.
जत्रा उठल्यावर उरलेल्या दोन फुटक्या पिपाण्या.
पाचव्या की सहाव्या खेपेला कुणाच्या तरी तोंडून
सुईएवढा एक सूर निसटला.
कुणाच्या, ते आम्ही ठरवलं नाही.
दोघांनी एकदमच बाहेर पाहिलं.

पार्किंगच्या कठड्याला एक रिकामी पिशवी अडकली होती.
हलत नव्हती.
बराच वेळ आम्ही तिच्यावर नजर ठेवून होतो.

रकाना मी अजून भरलेला नाही.