ब्रेकवाली

पोटात गोळा येतो म्हणतात. माझ्या पोटात
तो पहाटे साडेपाचलाच येऊन बसला,
कॉफीसुद्धा त्याच्या कडेकडेनं उतरली.

वाल्पाराइसोची नगरपालिका, दुसरा मजला,
बाकावर आम्ही अकराजण.
माझा नंबर सातवा. प्रत्येकी तीन मिनिटं.
हातातला कागद घामानं इतका मऊ
की घडीवरची अक्षरं एकमेकांना चिकटलेली.

एकतीस वर्षं मी आसेन्सोरचा ब्रेक धरते,
टेकडीच्या अंगावरून तिरका वर-खाली जाणारा
तो हिरवा लाकडी डबा.
तो बंद करायचाय त्यांना.
एवढ्या वर्षांत मी चारचौघांत बोलले ते एवढंच:
दार सांभाळा, सुट्टे आहेत का,
आणि पेल्लेग्रीनीच्या कुत्र्याला, तू खाली बस.

दातांची डॉक्टर इव्होन कुझ्मानिच
दाढ काढताना म्हणाली होती,
"सुईचं भय वाटतं ना एर्सिलिया?
डोळे मीट. जिना बघ. दहा पायऱ्या.
दर पायरीला थोडी जड हो."
म्हटलं, माझे गुडघे गेलेत डॉक्टर, जिना नको.
ती हसली, सुई हातात तशीच.
"मग तुझ्या डब्यातून उतर."

म्हणून आज बाकावर डोळे मिटले.
शेजारच्या मासेवाल्याला वाटलं प्रार्थना करतेय,
त्यानं टोपी काढली.

दहा. दार ओढलं, कडी बसली.
नऊ. तारेला ताण. खांदे खाली.
आठ. जबडा, पहाटेपासून आवळून धरलेला,
सोड बाई, तो काय ब्रेक आहे?
सात. छतांचे पत्रे, पिवळे, गंजके, कुणाचे तरी मोजे वाळत.
सहा,
आणि पाचच्या आधी, अगदी मधोमध,
रोज होतं तेच झालं:
खालून दुसरा डबा वर येत होता.
विसरलेच होते मी.
एक उतरतो तो दुसऱ्याच्याच वजनावर.

त्यात एकच उतारू.
अकरा वर्षांची, गणवेशाची कॉलर चुरगळलेली,
सप्टेंबरात झेंड्यापुढे कविता म्हणायला उभी केलेली
आणि दुसऱ्या ओळीनंतर बोबडी वळलेली मी.
सगळी शाळा हसली होती. सिस्टर ओदिलियासुद्धा, हळूच.

सत्तेचाळीस वर्षं ती त्या डब्यात बसून आहे
आणि मी तिला ना तिकीट विचारलं, ना नाव.
डबे शेजारून जातात तेव्हा मध्ये हातभर अंतर.
मी खिडकीबाहेर हात काढला
(काढू नये, तशी पाटी मीच लावलीये),
तिनं तिचा काढला. बोटं जेमतेम लागली. गार होती.
मग ती वर गेली.

चार, तीन, दोन मोजले की नाही, आठवत नाही.
"एर्सिलिया रेतामाल!"

उठले. कागद बाकावरच राहिला.
माईक कुणा उंच माणसाच्या मापाचा,
खाली वाकवला तर कुरकुरला, आमच्या चाकासारखा.
"मी ब्रेकवाली," म्हटलं.
"ब्रेक म्हणजे थांबवणं नाही साहेब,
ब्रेक म्हणजे हळू उतरू देणं.
दोन्या उबाल्दिनाला तीनशे बारा पायऱ्यांचे गुडघे नाहीत
आणि तिचं डायलिसिस टेकडी चढून वर येत नाही."
आवाज कापला, मध्येच, एकदा. कापू दिला.
एक सदस्य फोन बघत होता.
बघेना का, माझ्या डब्यातही लोक तेच करतात,
तरी पोचतात.

निकाल पुढच्या महिन्यात.
डॉक्टर म्हणाली होती, संपलं की उलटं मोज,
एक ते पाच, आणि डोळे उघड.
ते राहूनच गेलं.
संध्याकाळी मासा परतताना तेल हातावर उडालं,
तर नुसती बघत राहिले.
म्हणजे अजून खालीच आहे मी,
बंदराच्या पातळीला,
आणि वर कुणीतरी कविता म्हणतंय,
तिसऱ्या ओळीपासून.